अमेरिकेच्या लष्करी अकादमीसाठी नामनिर्देशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी पालकांना आणि हायस्कुलात शिकणाऱ्या त्यांच्या मुलामुलींना समोर ठेवून घेतले आहेत. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची प्रवेशपद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना इथली पद्धत प्रथम बरीच गोंधळाची वाटते. म्हणून जिथे तुलनेचा उपयोग आहे तिथे ती केली आहे.

नामनिर्देशन म्हणजे नेमके काय? ते मिळाले की प्रवेश मिळाला असे समजायचे का?

नाही, आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो. ज्यांना कायद्याने तसा अधिकार आहे अशा व्यक्तीने, बहुधा तुमच्या भागाच्या खासदाराने, एखाद्या उमेदवाराचे नाव अकादमीकडे विचारार्थ अधिकृतपणे पाठवणे म्हणजे नामनिर्देशन. प्रवेशाचा निर्णय अकादमीचा असतो आणि त्या निर्णयाला तिथे नेमणूक म्हणतात. त्यामुळे उमेदवाराला दोन अर्ज एकाच वेळी चालवावे लागतात, एक अकादमीकडे आणि दुसरा नामनिर्देशन करणाऱ्यांकडे. यांपैकी एक अर्ज दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. अभ्यासात पहिला आलेला विद्यार्थीही नामनिर्देशनावाचून आत जाऊ शकत नाही, आणि नामनिर्देशन हातात असलेला विद्यार्थी वैद्यकीय तपासणीत अडला तर तोही बाहेरच राहतो. काही वेळा अकादमीला उमेदवार इतका पसंत पडतो की ती आधीच आश्वासनपत्र देते, पण त्या पत्रातही नामनिर्देशन आणि वैद्यकीय पात्रता या अटी असतात.

हे कोणकोणत्या अकादमींना लागू आहे?

वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, ॲनापोलिसची नौदल अकादमी, कोलोराडो स्प्रिंग्जची वायुदल अकादमी आणि न्यूयॉर्क राज्यातील किंग्ज पॉइंटची व्यापारी नौकानयन अकादमी या चारही ठिकाणी नामनिर्देशन लागते. न्यू लंडन येथील तटरक्षक दलाच्या अकादमीला ते लागत नाही. तिथला प्रवेश थेट देशपातळीवरच्या स्पर्धेतून होतो. मरीन कोअरची वेगळी अकादमी नाही, अकादमीच्या वाटेने येणारे तिचे अधिकारी ॲनापोलिसमधून घडतात, आणि स्पेस फोर्समध्ये जायचे असेल तर मुख्य वाट वायुदल अकादमीतून जाते.

खडकवासल्याला असे कुणाचे पत्र लागत नाही. मग अमेरिकेत ही पद्धत कशासाठी?

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा ९०० गुणांची लेखी परीक्षा घेतो, त्यानंतर निवड मंडळाच्या आणखी ९०० गुणांच्या चाचण्या होतात आणि देशभराची एकच गुणवत्ता यादी लागते. अमेरिकेची गोष्ट वेगळ्या काळजीतून सुरू झाली. वेस्ट पॉइंटची स्थापना १८०२ साली झाली तेव्हापासूनच नव्या प्रजासत्ताकातल्या पुष्कळांना अशी धास्ती वाटत होती की कायमचे सैन्य आणि त्याचा अधिकारीवर्ग मोजक्या घराण्यांच्या किंवा मोजक्या प्रांतांच्या मुठीत जाईल. अकादमी ही श्रीमंतांच्या मुलांची सोय आहे अशी टीका १८३० च्या दशकात जोरात होत होती. अखेर १८४३ साली काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, वेस्ट पॉइंटच्या जागा मतदारसंघांशी कायद्याने जोडल्या आणि प्रत्येक भागाला आपला वाटा मिळाला. आजची व्यवस्था त्याच कल्पनेवर उभी आहे.

एकच परीक्षा अधिक स्वच्छ, असे आपल्याकडच्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्यातील मुलालाही अधिकारी होण्याची खरी संधी राहावी हा या पद्धतीचा हेतू आहे, आणि तो बऱ्याच अंशी साधला जातो असे माझे मत आहे. त्याची दुसरी बाजू अशी की स्पर्धेची तीव्रता तुम्ही कुठे राहता यावर ठरते. वॉशिंग्टनजवळच्या उत्तर व्हर्जिनियातील मतदारसंघांत, जिथे सैन्यातील आणि सरकारी नोकरीतील कुटुंबे दाटीने राहतात, चांगल्या चांगल्या मुलांना नकार येतो.

खासदाराशी ओळख काढावी का? देणगीचा किंवा पक्षाचा काही संबंध असतो का?

नसतो, आणि त्या वाटेने जाऊही नये. नामनिर्देशन या शब्दामुळे आपल्या मनात चिठ्ठी आणि वशिला येतो, पण आज जवळजवळ प्रत्येक खासदाराच्या कार्यालयात यासाठी छापील नियम, ठरलेली अंतिम तारीख आणि स्वतंत्र निवड समिती असते. समितीवर बहुधा अकादमीचे माजी विद्यार्थी, निवृत्त सैनिक, शिक्षक आणि गावातील जाणती मंडळी असतात, आणि मुलाखतीही तीच घेतात. कुटुंब कोणत्या पक्षाला मत देते हे विचारले जात नाही.

याच संदर्भात आणखी एक प्रश्न येतो. बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे श्री ठाणेदार २०२३ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून प्रतिनिधीगृहात गेले, तेव्हा आपला माणूस म्हणून त्यांच्याकडे अर्ज करता येईल का, असे न्यू जर्सीतील पालकही विचारतात. प्रतिनिधीला आपल्या मतदारसंघातील रहिवाशांचेच नामनिर्देशन करता येते, त्यामुळे डेट्रॉइट परिसरातील त्या मतदारसंघात राहत नसाल तर उत्तर सरळ नाही असे आहे.

मग अर्ज कोणाकोणाकडे करायचा?

जिथे जिथे पात्र आहात तिथे सगळीकडे. सामान्य कुटुंबातील उमेदवारासाठी चार दारे असतात: आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी, आपल्या राज्याचे दोन सिनेटर आणि देशाचे उपराष्ट्रपती. उपराष्ट्रपतींच्या नावावर लष्करी, नौदल आणि वायुदल अकादमींत प्रत्येकी एका वेळी फक्त ५ विद्यार्थी असू शकतात आणि अर्जदार देशभरातून येतात, म्हणून तिथे आशा थोडी. पण अर्जाला श्रमही थोडेच पडतात. किंग्ज पॉइंटसाठी हे दार नाही. तिथे केवळ खासदारांचे नामनिर्देशन चालते आणि स्पर्धा राज्याच्या पातळीवर होते.

आई किंवा वडील सैन्यात दीर्घकाळ सेवेत असतील किंवा तिथून निवृत्त झाले असतील तर राष्ट्रपतींच्या कोट्यातून तिन्ही सेनादलांच्या अकादमींत प्रत्येकी वर्षाला १०० पर्यंत नेमणुका होतात. त्यासाठी अर्ज अकादमीकडेच करायचा असतो. सेवेत मृत्यू आलेल्या किंवा अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी, आधीच सैन्यात भरती झालेल्या जवानांसाठी आणि शाळेतील कनिष्ठ छात्रदलाच्या (जेआरओटीसी) सन्मानप्राप्त तुकड्यांसाठीही स्वतंत्र जागा आहेत. मुलाच्या शाळेत असे छात्रदल असेल तर तिथल्या प्रशिक्षकांना एकदा विचारून ठेवावे.

काही राज्यांत प्रतिनिधी आणि सिनेटर यांची कार्यालये आपसांत याद्या जुळवून पाहतात आणि एका उमेदवाराला शक्यतो एकच नामनिर्देशन देतात, म्हणजे अधिक मुलांना संधी मिळते. त्यामुळे सिनेटरांकडून नकार आला याचा अर्थ फाइल कच्ची होती असाच होतो असे नाही.

एका खासदाराच्या हातात किती जागा असतात?

प्रत्येक प्रतिनिधीच्या आणि प्रत्येक सिनेटरच्या नावावर प्रत्येक अकादमीत एका वेळी जास्तीत जास्त ५ विद्यार्थी शिकत असू शकतात. अभ्यासक्रम चार वर्षांचा असल्यामुळे दरवर्षी साधारणपणे एक जागा रिकामी होते, एखाद्या वर्षी दोन. एका रिकाम्या जागेसाठी खासदाराला १५ पर्यंत नावे पाठवता येतात. पूर्वी ही संख्या १० होती. किंग्ज पॉइंटचा हिशेब याहून वेगळा आहे.

ही नावे पाठवण्याच्या तीन रीती आहेत आणि आपला खासदार कोणती रीत पाळतो हे कार्यालयाला विचारायला हरकत नाही. पहिल्या रीतीत यादी खुली असते: सगळी नावे समान पातळीवर जातात आणि त्यांतला सर्वोत्तम कोण हे अकादमी आपल्या निकषांवर ठरवते. बहुतेक खासदार हीच रीत वापरतात. दुसऱ्या रीतीत खासदार एकाला मुख्य उमेदवार ठरवतो आणि बाकीचे त्याच्यामागे स्पर्धेत राहतात. तिसरीत मुख्य उमेदवारामागचा क्रमही खासदारच लावून देतो. मुख्य उमेदवार सर्व दृष्टींनी पात्र ठरला, तर यादीतल्या दुसऱ्या कुणाचे गुण त्याच्याहून अधिक असले तरी ती जागा त्यालाच द्यावी लागते.

यादीत जागा न जिंकलेल्यांचे काय होते, हा भाग पालकांना सहसा कुणी सांगत नाही. पात्र ठरलेली पण आपल्या खासदाराची जागा न मिळालेली मुले एका राष्ट्रीय यादीत जातात आणि अकादमी आपला वर्ग भरताना त्या यादीतून गुणानुक्रमे नेमणुका करते. वेस्ट पॉइंटला दरवर्षी सुमारे १,२०० विद्यार्थी दाखल होतात आणि त्यांतले पुष्कळजण या वाटेने आलेले असतात. म्हणून यादीत दहावे नाव असले तरी त्याला किंमत आहे.

मुलगा ग्रीनकार्डधारक आहे. चालेल का?

चालणार नाही. अकादमीत दाखल होईपर्यंत उमेदवार अमेरिकेचा नागरिक झालेला असावा लागतो. नागरिकत्व जन्माने मिळालेले असो वा नंतर घेतलेले, दोन्ही सारखेच मानले जातात. आई किंवा वडील नागरिक झाले आणि त्या वेळी १८ वर्षांखालील मूल ग्रीनकार्डावर त्यांच्याच ताब्यात अमेरिकेत राहत असेल, तर २००० सालच्या बालनागरिकत्व कायद्यानुसार ते मूल आपोआप नागरिक होते. मात्र पुरावा म्हणून त्याचा पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचे प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावे. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्या घरांत याचा एक कडवट परिणाम दिसतो: नाशिकला जन्मलेली मोठी बहीण ग्रीनकार्डाच्या रांगेत अडकलेली असते आणि न्यू जर्सीत जन्मलेला धाकटा भाऊ पात्र असतो. यावर अकादमीच्या पातळीवर काहीही तोड नाही.

भारताचे परदेशस्थ नागरिक म्हणून मिळणारे ओसीआय कार्ड अर्जाच्या आड येत नाही, कारण नाव काहीही असले तरी भारतीय कायद्यानुसार ते दुहेरी नागरिकत्व नव्हे. पण पुढे सुरक्षा पडताळणीच्या वेळी परदेशातील नातेवाईक, मालमत्ता आणि अशी कार्डे यांची माहिती विचारली जाते आणि ती पूर्णपणे खरी द्यावी लागते. सोलापूरची शेतजमीन मुलाच्या नावावर केली असेल तर तेही लिहायचे.

उलट बाजूने, अमेरिकी नागरिक असलेल्या मुलाला आजोबांची इच्छा म्हणून खडकवासल्याची परीक्षा देता येईल का, असेही विचारले जाते. देता येत नाही.

आमचा मतदारसंघ कोणता हे कसे ठरते? मुलगी सध्या पुण्यात शिकते आहे.

मतदारसंघ कायमच्या अधिवासावरून ठरतो, शाळेवरून नाही. मुलगा दुसऱ्या राज्यातील निवासी शाळेत असला तरी अर्ज घरच्या मतदारसंघातूनच करायचा. २०२० च्या जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा बदलल्या आहेत आणि एकाच पिनकोडचे दोन मतदारसंघांत तुकडे पडलेले असू शकतात, म्हणून प्रतिनिधीगृहाच्या संकेतस्थळावर पूर्ण पत्ता घालून खात्री करावी. शेजारच्या घरातील मुलाने ज्या कार्यालयाकडे अर्ज केला तेच आपलेही असेल असे धरून चालू नये.

आईवडील काही वर्षांसाठी भारतात आले असतील पण त्यांचा अमेरिकेतील अधिवास, म्हणजे मतदार नोंदणी, कर आणि घर, टिकून असेल, तर त्या मतदारसंघाच्या कार्यालयाशी आधी लेखी बोलून घ्यावे. कुटुंब कायमचे परतले असेल तर खासदाराची वाट जवळपास बंद होते. अशा वेळी उपराष्ट्रपतींचे नामनिर्देशन हाच मार्ग उरतो, कारण त्याला मतदारसंघाचे बंधन नाही.

तयारी केव्हा सुरू करावी?

अकरावीच्या मध्यावर. त्या हिवाळ्यात आणि वसंतात अकादमींचे प्राथमिक अर्ज उघडतात आणि खासदारांची कार्यालयेही वसंतात अर्ज देऊ लागतात. अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात अकादमींची आठवड्याभराची शिबिरे असतात. त्यांना गेल्याने नामनिर्देशन मिळत नाही, पण हे आयुष्य आपल्याला झेपेल का आणि रुचेल का हे मुलाला कळते, आणि माझ्या मते तोच त्यांचा मोठा फायदा. बारावीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात कार्यालयांच्या अंतिम तारखा येतात. प्रत्येक कार्यालयाची तारीख वेगळी असते, आणि ती चुकली तर सवलत मिळत नाही. मुलाखती नोव्हेंबर-डिसेंबरात होतात, नावे ३१ जानेवारीपर्यंत अकादमीकडे जातात, आणि निवड झालेली मुले जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला दाखल होतात.

दाखल होण्याच्या वर्षी १ जुलैला वयाची १७ वर्षे पूर्ण असावीत आणि तिन्ही सेनादलांच्या अकादमींसाठी वय २३ च्या पुढे गेलेले नसावे. उमेदवार अविवाहित असावा आणि त्याच्यावर अपत्याची जबाबदारी नसावी. मुलींना १९७६ पासून प्रवेश आहे आणि नामनिर्देशनाची प्रक्रिया दोघांसाठी एकच आहे.

अर्जात काय काय मागतात?

शाळेचे गुणपत्रक, एसएटी किंवा एसीटीचे गुण, दोन-तीन शिफारसपत्रे, निबंध आणि शाळेबाहेरच्या कामांची यादी. शिफारसपत्र गणिताच्या किंवा इंग्रजीच्या शिक्षकांचे आणि खेळाच्या प्रशिक्षकाचे असावे. महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांचे पत्र, मुलाने त्यांच्या हाताखाली खरोखर काही काम केले नसेल तर, जोडू नये. काम केले असेल तर मात्र ते ठसठशीतपणे लिहावे: गणेशोत्सवाच्या ढोल-ताशा पथकाच्या सरावाचे वेळापत्रक सांभाळणे, मराठी शाळेत लहान मुलांना शिकवणे, या गोष्टी आपण घरचे म्हणून सोडून देतो, आणि समितीला नेमके तेच पाहायचे असते की हा मुलगा इतरांकडून काम करवून घेऊ शकतो का. वेस्ट पॉइंटच्या परंपरागत मूल्यमापनात अभ्यासाला सुमारे ६० टक्के, नेतृत्वाला ३० टक्के आणि शारीरिक क्षमतेला १० टक्के वजन राहिले आहे. केवळ गुणांच्या टेकूवर उभी असलेली फाइल इथे लंगडी पडते.

नावाबद्दल एक सूचना. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे लावण्याची रीत असल्यामुळे जन्मदाखला, पासपोर्ट, सामाजिक सुरक्षा कार्ड आणि परीक्षेची नोंदणी यांत मुलाचे नाव चार प्रकारे लिहिलेले सापडते. सर्व अर्जांत एकच रूप वापरावे. १८३९ साली ओहायोचे खासदार थॉमस हेमर यांनी हायरम युलिसिस ग्रँट या मुलाचे नामनिर्देशन करताना नाव चुकीने युलिसिस एस. ग्रँट असे लिहिले, वेस्ट पॉइंटच्या दप्तरात तेच चढले, आणि पुढे तो सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष झाला तरी ते नाव सुटले नाही. आजची संगणकप्रणाली इतकी उदार नाही. तिथे नाव जुळले नाही तर फाइल अपूर्ण दिसत राहते.

मुलाखतीत काय विचारतात, आणि पालकांनी सोबत जावे का?

दारापर्यंत जावे. आत उमेदवार एकटाच असतो, आणि कार्यालयाला फोन किंवा ईमेल करायचा तोही त्यानेच करावा. आईने किंवा वडिलांनी मुलाच्या वतीने चालवलेला पत्रव्यवहार कार्यालयातील माणसांच्या लगेच लक्षात येतो आणि त्याचा परिणाम चांगला होत नाही. अमेरिकेत मुलाच्या महाविद्यालयीन अर्जांची सूत्रे हातात ठेवण्याची आपल्या पालकांना सवय असते. इथे ती सोडावी लागते.

प्रश्न साधे असतात, आणि म्हणूनच पाठ केलेली उत्तरे उघडी पडतात. सैन्यात का जायचे आहे? अकादमीच का, साध्या विद्यापीठात राहून छात्रसेनेच्या (आरओटीसी, म्हणजे विद्यापीठातील अधिकारी-प्रशिक्षण) शिष्यवृत्तीवर अधिकारी का होत नाहीस? दोन अकादमींना अर्ज केला आहेस, तर पहिली पसंती कोणती? आपल्या मित्राने परीक्षेत नक्कल केली तर तू काय करशील? या शेवटच्या प्रश्नामागे अकादमीची सन्मानसंहिता आहे: छात्र खोटे बोलणार नाही, फसवणार नाही, चोरणार नाही आणि तसे करणाऱ्याला पाठीशीही घालणार नाही. मैत्रीसाठी गप्प राहीन, असे प्रामाणिकपणे वाटत असेल तर मुलाने हा प्रश्न मुलाखतीच्या आधी घरी स्वतःशी सोडवावा.

शिक्षण फुकट आहे म्हणून आलो, हे उत्तर देऊ नये, आणि तेच खरे कारण असेल तर अर्जही करू नये. इतिहासाची आवड, शिवकालीन किल्ल्यांची भटकंती, काका सैन्यात असणे, हे सांगायला चांगले आहे. पण समितीला उमेदवार आज, त्याच्या गावात, त्याच्या संघात कसा वागतो यात अधिक रस असतो.

शारीरिक आणि वैद्यकीय चाचण्या नामनिर्देशनाचा भाग आहेत का?

नाहीत, त्या अकादमीच्या अर्जाचा भाग आहेत. शारीरिक चाचणीत गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकणे, पुलअप, दंड आणि एक मैल धावणे असे प्रकार असतात. वैद्यकीय तपासणी संरक्षण खात्याचे स्वतंत्र मंडळ करवून घेते. तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचे निदान झालेले असेल तर उमेदवार सहसा अपात्र ठरतो. अशा बाबतींत सूट मागता येते, पण तिला वेळ लागतो. जुनी कागदपत्रे, भारतातल्या डॉक्टरांची असली तरी, आधीच जमवावीत.

खर्च किती, आणि त्याबदल्यात काय द्यावे लागते?

तिन्ही सेनादलांच्या अकादमींत शिक्षण, निवास आणि भोजन यांचे पैसे लागत नाहीत, उलट छात्राला मासिक वेतन मिळते. त्याबदल्यात पदवीनंतर किमान ५ वर्षे सक्रिय सेवा करावी लागते आणि पुढची काही वर्षे राखीव दलात नाव राहते. वैमानिक होणाऱ्यांचे बंधन बरेच मोठे असते, वायुदलात उड्डाणाचे प्रशिक्षण संपल्यापासून १० वर्षे. पहिल्या दोन वर्षांत सोडून गेल्यास सहसा बंधन लागत नाही. तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की मात्र मधेच सोडणाऱ्याला सैनिक म्हणून सेवा द्यावी लागते किंवा शिक्षणाचा खर्च भरावा लागतो.

नामनिर्देशन मिळालेच नाही तर?

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो आणि दुसऱ्या खेपेला आत आलेली मुले प्रत्येक वर्गात असतात. त्या वर्षात एखाद्या विद्यापीठात कॅल्क्युलस, रसायनशास्त्र आणि इंग्रजी घेऊन चांगले गुण मिळवले आणि तिथल्या छात्रसेनेत नाव घातले, तर नवी फाइल जुनीपेक्षा निश्चित भक्कम होते. छात्रसेनेच्या शिष्यवृत्तीला नामनिर्देशन लागत नाही, आणि त्या वाटेने अकादमीविनाही अधिकारी होता येते. अकादमींच्या स्वतःच्या पूर्वतयारी शाळाही आहेत: वेस्ट पॉइंटची तिथेच, नौदलाची ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टला आणि वायुदलाची कोलोराडो स्प्रिंग्जला. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज नसतो. मुख्य अर्जातूनच अकादमी काही उमेदवारांची तिथे निवड करते. तिथे वर्ष काढलेल्या विद्यार्थ्यालाही पुढच्या प्रवेशासाठी नामनिर्देशन नव्याने मिळवावे लागते, म्हणून त्याने शरद ऋतूतच आपल्या खासदाराच्या कार्यालयाकडे पुन्हा अर्ज टाकायचा असतो. आधीच्या वर्षीची फाइल कार्यालय आपोआप पुढे नेत नाही.